शब्दखेळाची पेटी घ्यावी की नाही?

सुट्टी लागली आणि आमच्या मुलांनी एकच धोशा लावला, 'कोडनेम्स' आणा. एका मैत्रिणीच्या घरी दोघे तो खेळून आले होते. मोबाइल सोडून मुले दुसरे काही मागत आहेत, याचेच आम्हाला अप्रूप वाटले. पण पेटीची किंमत पाहिली आणि थांबलो. चार दिवस खेळून कपाटावर टाकलेल्या वस्तू घरात आधीच पुष्कळ आहेत.

खेळ असा. पाच ओळींत पाच-पाच असे २५ शब्द मांडायचे. दोन गट करायचे. प्रत्येक गटात एक जण सूचना देणारा. कोणता शब्द कोणाचा, याचा नकाशा फक्त त्या दोघांना दिसतो. सुरुवात करणाऱ्या गटाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, कोणाचेच नसलेले ७ आणि एक घातकी. त्याला बोट लावले की गट तिथेच हरला. सूचना म्हणजे एक शब्द आणि एक आकडा. 'पाऊस, ३' म्हटले की पावसाशी जुळणारे ३ शब्द गटाने शोधायचे. व्लादा ख्वातिल या झेक रचनाकाराचा हा खेळ २०१५ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा खेळ चांगला, यात वाद नाही. प्रश्न आमच्या घराचा होता.

दुकानातल्या पेटीतले शब्द इंग्रजी. आमच्या आई चौथी शिकलेल्या, मराठी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या. म्हणजे आम्ही चौघे खेळणार आणि त्या बाजूला बसून बघणार. वर्षभरापासून त्या तशाही अबोल झाल्या होत्या. विचारावे एक, उत्तर यावे भलतेच. पुढे त्यांनी बोलणेच कमी केले. 'वय झाले, विसरायला लागल्या' अशी समजूत आम्ही करून घेतली होती.

म्हणून आधी खेळ घरीच करून पाहायचे ठरवले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून शब्द लिहिले: बैल, गोठा, पतंग, एसटी, पान, तार. खर्च शून्य. मराठीत हा खेळ आणखी खुलतो, कारण पान झाडाचे, पुस्तकाचे, विड्याचे आणि जेवणाचेही. आईंनी 'पोस्टमन, २' अशी सूचना दिली. मुलाने 'पत्र' ओळखले आणि अडला. 'तार' म्हणजे त्याच्या लेखी विजेची. तारसेवा २०१३ साली बंद झाली, त्याला ती ठाऊक कशी असणार? मग आईंनी सांगितले, वस्तीत तार आली की रडारड आधी सुरू व्हायची आणि वाचून दाखवणारा नंतर सापडायचा. इतके सलग त्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या डावात मुलीने सूचना दिली, 'चारा, २'. आईंनी पतंगावर बोट ठेवले. मुले हसली. "वाऱ्यावरच उडतो ना पतंग?" आई म्हणाल्या. "आजी, चारा म्हटलं मी, वारा नाही!" त्या संध्याकाळी असे तीनदा झाले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. डोके शाबूत होते, कान साथ देत नव्हते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी श्रवणचाचणी केली. एका कानात मळ साचला होता, शिवाय वयानुसार दोन्ही कानांचे ऐकणे कमी झाले होते. अशा वेळी आवाज येतो, पण च, त, स यांसारखी अक्षरे निसटतात आणि शब्द बदलून ऐकू येतो. वर्षभर आम्ही ज्याला विसराळूपणा म्हणत होतो, त्यातला बराचसा हा होता.

हे साधे दुखणे नाही. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, उपचार न केलेली अधू दृष्टी आणि एकटेपणा ही चारही आहेत. आपल्या किती घरांतल्या वडीलधाऱ्यांना ही चारही एकदम लागू पडतात, याचा विचार करावा. शब्दखेळ हे त्यावरचे औषध नव्हे. पण घरातले माणूस कुठे अडते, ते खेळताना दिसते. कमी उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र आणि चष्मा मोफत मिळू शकतो. त्याची चौकशी जरूर करावी.

पेटी घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. घरात खेळायला निदान चार जण आहेत का? शब्दांची भाषा सगळ्यांची आहे का? आणि घरात सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला त्यात जागा आहे का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर पैसे राखून ठेवावेत.

आम्ही पेटी घेतली नाही. ते पैसे श्रवणयंत्राच्या खर्चात गेले. पत्रिकांच्या चिठ्ठ्या आता दीडशेवर गेल्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या आईंच्या अक्षरातल्या आहेत.