मुक्तस्रोत आज्ञावलींची पारख
मुक्तस्रोत आज्ञावलींची पारख : ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा तिच्या परवान्यानेच दिलेली असते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्प अशा साधनांचा शिक्षणक्षेत्रात प्रसार करतो. तेथे विकसित झालेले ‘ईसिम’ हे इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या अभिकल्पाचे साधन ‘किकॅड’ व ‘एनजीस्पाइस’ या मुक्तस्रोत साधनांच्या आधारे उभारलेले आहे. अशा रीतीने एका साधनाची विश्वसनीयता इतर साधनांवरही अवलंबून असते.

निवड करताना परवान्याच्या अटी, परिरक्षकांची संख्या, दोषनोंदींना मिळणारा प्रतिसाद, चाचण्या व आधारभूत साधने तपासावीत. केवळ लोकप्रियता पुरेशी नाही. ‘एक्सझेड यूटिल्स’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातल्याचे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. हे कृत्य दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या सहपरिरक्षकाच्या खात्यावरून झाले होते. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे लक्षात आल्याने आंद्रेस फ्रॉइंड यांनी त्याचा छडा लावला. चोरवाट कार्यान्वित करणारा अंश केवळ वितरित संचात होता, सार्वजनिक संहिताभांडारात नव्हता. म्हणून हे दोन्ही ताडून पाहणे आवश्यक ठरते. संहिता खुली असल्याने परीक्षण शक्य होते. मात्र ते कोणीतरी प्रत्यक्ष करावे लागते.