तुसाची राख

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेला, अगदी समुद्राकाठी, चौक हे गाव आहे. मासेमारी हा येथील जुना व्यवसाय. जवळच्या उत्तन परिसरात पावसाळ्यात भातशेतीही होते. याच भागातील धावगी डोंगरावर शहराचा कचरा नेला जातो. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी शेतांत उतरते, अशी तक्रार तेथील शेतकऱ्यांनी वेळोवेळी केली आहे.

अशा पाण्याची भीती का वाटते? जुन्या बॅटऱ्या आणि विजेची मोडकी उपकरणे यांत शिसे, कॅडमियम असे धातू असतात. पावसाच्या पाण्याबरोबर ते जमिनीत मुरतात आणि पिकाची मुळे ते शोषून घेतात. रोपांची वाढ खुंटते. काही विष दाण्यातही उतरते. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातशेतीत पसरले. तो भात खाणाऱ्या अनेकांची हाडे ठिसूळ झाली. रोगी वेदनेने ओरडत, म्हणून त्या रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, हे नाव पडले. प्रदूषणामुळेच तो होतो, हे जपान सरकारने 1968 साली मान्य केले.

भाताला मात्र निसर्गाने एक रक्षक दिला आहे. त्याचे नाव सिलिकॉन. वाळूत व काचेत हेच मूलद्रव्य असते. भाताचे पाते हाताला कापते आणि तूस खरखरीत लागते, ते यामुळेच. पाण्यात विरघळलेले सिलिकॉन मुळांत शिरून पेशींच्या भिंतींत साठते. त्या भिंती कॅडमियमला अडवून धरतात. कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असतात. अशा जमिनीत ॲल्युमिनियम मुळांना अपाय करते. सिलिकॉनशी संयोग झाला, की त्याचा विषारीपणा कमी होतो. आर्सेनिकची गोष्ट आणखी नवलाची आहे. पाणी भरलेल्या शेतात आर्सेनिक सिलिकॉनच्याच वाटेने मुळांत शिरते, असे जपानी शास्त्रज्ञांनी 2008 साली दाखवून दिले. वाटेवर सिलिकॉनची गर्दी असली, की आर्सेनिकला आत जायला जागा कमी मिळते.

हे सिलिकॉन आणायचे कोठून? ते भाताच्या तुसातच असते. डॉ. नारायण सावंत यांनी सुचवलेल्या ‘चारसूत्री’ भातलागवडीत तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात. एक चौरस मीटर वाफ्याला अर्धा ते एक किलो राख पुरते. रोपे कणखर व्हावीत, कीड व रोग यांना त्यांनी तोंड द्यावे, हा तिचा मूळ हेतू.

पण राख ही ढाल आहे, औषध नव्हे. जमिनीत शिरलेला धातू तिने नाहीसा होत नाही. शिवाय तूसही स्वच्छ शेतातलेच हवे. म्हणून विष शेतापर्यंत पोहोचू न देणे हाच खरा उपाय. त्याची सुरुवात आपल्या घरापासून होते. संपलेली बॅटरी ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळी ठेवणे, एवढे तर आपण आजच करू शकतो.

शब्दार्थ
तूस – भाताच्या दाण्यावरचे टरफल
झिरपणे – थेंबाथेंबाने बाहेर येणे
खुंटणे – थांबणे
कणखर – मजबूत

स्वाध्याय
1. ‘इताई-इताई’ हे नाव कसे पडले?
2. सिलिकॉन भाताचे रक्षण कसे करते?
3. ‘राख ही ढाल आहे, औषध नव्हे’ असे लेखात का म्हटले आहे?