हिंदूरावच्या टेकडीवरील पाहुणा स्तंभ

नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील खुल्या वस्तुसंग्रहालयात गोल या गावचे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे लाकडी चर्च उभे आहे. मूळ गावी ते उकलून १८८४-८५ च्या सुमारास येथे पुन्हा जुळविण्यात आले. लाकडाचे हे सोयीचे असते. सांधे सोडविले की तुळया सुट्या होतात. आपल्या वाड्यांचे सागवानी सांगाडेही असेच उकलतात, फक्त त्यांचे खांब संग्रहालयाऐवजी बहुधा जुन्या लाकडाच्या वखारीत जातात!

अखंड दगड मात्र उकलता येत नाही. तरीही दूरवरून आणलेला एक दगड दिल्लीच्या रिजवर, हिंदूराव रुग्णालयाजवळ पाहावयास मिळतो. हे हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझरच्या १८३५ मधील हत्येनंतर त्याची येथील कोठी त्यांनी घेतली. केसपेपर घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांपैकी क्वचितच कोणास हे ठाऊक असेल.

जवळचा अशोकस्तंभ मूळचा मेरठचा. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो येथील आपल्या शिकारमहालात आणविला. याच सुलतानाने तोपऱ्याहून आणविलेल्या दुसऱ्या स्तंभाची हकीकत इतिहासकार शम्स सिराज अफीफ याने लिहून ठेवली आहे. सावरीच्या कापसाचे ढीग रचून, पायाची माती काढून स्तंभ त्यांवर अलगद निजविला. मग बोरू व कच्चे कातडे गुंडाळून तो ४२ चाकांच्या गाड्यावरून यमुनाकाठी नेला आणि तेथून नावांनी दिल्लीस आणला. मेरठचा स्तंभही काहीसा असाच आला असावा.

एवढ्या जपणुकीने आणलेला हा दगड फर्रुखसियरच्या कारकिर्दीत (१७१३-१९) दारूच्या कोठाराच्या स्फोटाने कोसळला आणि त्याचे पाच तुकडे झाले. लेख असलेला भाग कोलकात्यास एशियाटिक सोसायटीकडे गेला, तो १८६६ मध्ये परतला. पुढील वर्षी सारे तुकडे सांधून स्तंभ येथे उभारण्यात आला. सांधे आजही स्पष्ट दिसतात, आणि ते झाकलेले नाहीत हे आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

चबुतऱ्यावरील इंग्रजी लेखात हा प्रवास थोडक्यात दिला आहे. शक्यतो सकाळी जावे. ऊन तिरपे असताना झिजलेली ब्राह्मी अक्षरे शोधणे सोपे जाते.