चाळिशीचा डोळा, भुलीची बंदूक आणि लाल ठिपका

निफाड तालुक्यात, विंचूरच्या आसपासच्या गावांतही, उसाच्या आडोशाने बिबट्या राहतो. मादी उसातच पिलांना जन्म देते आणि तोडणी सुरू झाली की ती उघड्यावर येतात. विहिरीत पडलेल्या किंवा घरात अडकलेल्या बिबट्याला बेशुद्ध करायची वेळ आली, की भुलीची बंदूक बाहेर निघते. बहुतेक बंदुकांत दाबलेल्या वायूच्या जोरावर सुईची सिरिंज सुटते. पल्ला साधारण 10 ते 30 मीटर. ती मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसायला हवी. पोटात शिरली तर जनावर दगावू शकते. असे काम अनुभवी हाताचे, आणि अनुभव येईपर्यंत डोळ्यांना चाळिशी लागलेली असते.

साध्या बंदुकीवर नेम धरताना जवळची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लक्ष्य या तीन अंतरांवरच्या गोष्टी जुळवाव्या लागतात. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहतो. तरुणपणी भिंग झटपट आकार बदलत असल्याने हे जाणवत नाही. विसाव्या वर्षी ही क्षमता साधारण 10 डायॉप्टर असते, पन्नाशीत जेमतेम 2. पाऊण मीटरवरची माशी स्वच्छ दिसायला सुमारे 1.3 डायॉप्टर लागतात, म्हणजे उरलेल्या ताकदीपैकी बहुतेक तिथेच खर्च होते.

बारीक छिद्रातून पाहिले तर जवळचे-दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांच्या स्पर्धाप्रकारात अशीच छिद्राची साइट वापरतात. तिथे दुर्बिणीला परवानगी नाही. पण छिद्र उजेड कापते, आणि बिबट्याचे काम बहुधा तिन्हीसांजेला निघते.

यावरचा उपाय मला खरोखर अद्भुत वाटतो. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी तो 1900 साली मांडला. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतली 20 इंची दुर्बीणही ग्रब यांच्याच कारखान्यातली. ती पुढे कोडाईकनालला गेली. ग्रब यांची युक्ती अशी: वक्र काचेच्या नाभीवर छोटा प्रकाशबिंदू ठेवायचा. काचेवरून परतलेले किरण समांतर होतात आणि बिंदू अनंत अंतरावर असल्यासारखा दिसतो. खाच नाही, माशी नाही. ठिपका आणि बिबट्या एकाच नजरेत स्पष्ट. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 मध्ये विजेवर चालणारी अशी लाल ठिपक्याची साइट बाजारात आणली.

साइट निवडताना आधी स्वतःचा डोळा तपासावा. ठिपका गोल न दिसता फाटका किंवा तारकेसारखा दिसला, तर साइटमागे मोबाइल धरून फोटो काढावा. फोटोत तो गोल असेल, तर दोष साइटचा नसून डोळ्यातल्या सिलिंडर नंबरचा आहे. दूरच्या नंबरचा चष्मा लावून, ठिपक्याची चमक कमी करून पाहावे. तरीही जमले नाही, तर प्रिझम साइट घ्यावी. तिच्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि मागची कडी फिरवून नंबर जुळवता येतो. मात्र डोळा ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो. लाल ठिपक्याला ती अट नाही. मोतीबिंदूवर कुठलीच साइट हा इलाज नव्हे. प्रोग्रेसिव्ह चष्माही टाळावा: गाल दस्त्यावर टेकला की नजर काचेच्या भलत्याच भागातून जाते.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये, म्हणजे कोनाच्या मिनिटांत, मोजतात. 25 मीटरवर 2 एमओएचा ठिपका सुमारे दीड सेंटिमीटर झाकतो, 6 चा जवळपास साडेचार. मांडीच्या स्नायूसाठी 4 ते 6 पुरे, आणि थकलेल्या डोळ्याला तो लवकर सापडतो. मोठे करून दाखवणारी दुर्बीण इतक्या जवळ अडचणच करते, कारण हलणारे जनावर तिच्या छोट्या दृश्यातून निसटते.

साइट नळीच्या वर बसते, म्हणून अगदी जवळून मारलेली सिरिंज ठिपक्याच्या खाली लागते. लांबवर ती वेग कमी असल्यामुळे झपाट्याने उतरते. त्यामुळे बंदूक, सिरिंजचे वजन आणि वायूचा दाब तोच ठेवून 10, 20 आणि 30 मीटरवर पुठ्ठ्यावर सराव करावा आणि प्रत्येक अंतराचा फरक लिहून दस्त्यावर चिकटवावा.