हॉप्सची बेगमी : भाव निम्मा, पण माल किती उरला?

विषय वाचून कुणाचे डोळे चमकले असतील, तर कुणाच्या (म्हणजे रेक्टर मॅडमच्या!) भुवया वर गेल्या असतील. म्हणून आधीच सांगून टाकते. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख होस्टेलच्या बाथरूममध्ये बादली घेऊन करायच्या प्रयोगाचा नाही. हा लेख आहे साठवणुकीचा, म्हणजे शुद्ध केमिकल इंजिनिअरिंगचा.

माझा आतेभाऊ अमेरिकेत, ऑरेगनमध्ये असतो. तिथे घरी बिअर बनवणं हा छंद आहे, जसं आपल्याकडे घरी वाईन नाही पण लोणचं घालतात तसं. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे तिथे एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि एका घराला जास्तीत जास्त २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करायला केंद्र सरकारची परवानगी मिळाली. विकायची मात्र नाही. तर या दादाने मला विचारलं, "तू केमिकलची ना? मग सांग, हॉप्स दरवेळी थोडे थोडे घेऊ, की एकदम पाच किलोची बॅग घेऊ? घाऊक भाव जवळजवळ निम्मा पडतो." त्याला जे उत्तर दिलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

हॉप्स म्हणजे काय?

हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी मादी फुलं. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी पूड असते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. सगळी किंमत या पुडीची! त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. एक, अल्फा ॲसिड्स. ही उकळल्यावर त्यांचं आयसोमरायझेशन होतं आणि बिअरला कडवटपणा येतो. दोन, मिरसीन, ह्युम्युलीन यांसारखी सुगंधी तेलं. शिवाय हॉप्समुळे बरेच जीवाणू वाढत नाहीत. म्हणूनच इंग्लंडहून जहाजाने मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत, आणि त्यातूनच पुढे 'इंडिया पेल एल' हे नाव रूढ झालं. गंमत बघा, जो पदार्थ बिअर टिकवतो, तो स्वतः मात्र टिकायला फार नाजूक!

घाऊक का घ्यायचे?

कारण पीक वर्षातून एकदाच येतं. उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये तोडणी होते. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात. एकाच भागावर सगळी भिस्त असली की काय होतं, ते ऑक्टोबर २००६ मध्ये दिसलं. याकिमातल्या एका गोदामाला आग लागली आणि अमेरिकेच्या त्या वर्षीच्या पिकाचा सुमारे ४ टक्के भाग जळून गेला. पुढे २००७-०८ मध्ये जगभर टंचाई झाली, भाव भडकले, आणि छोट्या ब्रुअरीज व घरगुती मंडळींना काही जाती मिळेनाशा झाल्या. तेव्हा बेगमी करून ठेवणं हा काही वेडेपणा नाही.

पण बेगमी करायची म्हणजे वर्षभर सांभाळायचं. आजी उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करते, पण बरणीचं झाकण उघडं ठेवत नाही!

शत्रू कोण?

मुख्य शत्रू दोन : ऑक्सिजन आणि उष्णता. ऑक्सिजनमुळे अल्फा ॲसिड्सचं ऑक्सिडेशन होतं. उष्णता त्या रिॲक्शनचा वेग वाढवते (अऱ्हेनियस आठवतोय ना? व्हायव्हाला हमखास विचारतात). जुन्या हॉप्समध्ये आयसोव्हॅलेरिक ॲसिड तयार होतं आणि त्यांना चीजसारखा वास येऊ लागतो. हेच ॲसिड पायाच्या घामातही असतं. थोडक्यात, बॉईज होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये मोज्यांचा जो सुगंध दरवळतो, तो आणि खराब हॉप्सचा वास केमिस्ट्रीच्या दृष्टीने नातेवाईकच आहेत!

जातीजातीत फरक असतो. २० अंश सेल्सिअसला सहा महिने ठेवल्यावर 'कॅस्केड' या जातीत जेमतेम निम्मं अल्फा उरतं, तर 'क्लस्टर'मध्ये ८० टक्क्यांच्या वर. दादाला नेमकी कॅस्केडच घ्यायची होती.

आता गणित

मार्क गॅरेट्झ यांनी १९९४ मध्ये घरगुती ब्रुअर्ससाठी एक सोपं मॉडेल मांडलं. तापमान १५ अंशांनी उतरलं की नासण्याचा वेग निम्मा होतो. पॅकिंग ऑक्सिजन रोखणारं आणि हवा काढलेलं असेल तर तो आणखी निम्मा होतो. सूत्र आपलं नेहमीचं फर्स्ट ऑर्डरचं. सहा महिन्यांत निम्मं, म्हणजे कॅस्केडसाठी के = ०.००३८५ प्रतिदिन. एक वर्षानंतर किती अल्फा उरेल ते मी कॅल्क्युलेटरवर काढलं :

२० अंशाला, उघड्या पिशवीत : सुमारे २५ टक्के
फ्रिजमध्ये ४ अंशाला, उघड्या पिशवीत : सुमारे ५१ टक्के
फ्रिजमध्ये ४ अंशाला, व्हॅक्यूम पॅक : सुमारे ७२ टक्के
फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला, व्हॅक्यूम पॅक : सुमारे ८९ टक्के

दुसरी ओळ पुन्हा वाचा. भाव निम्मा मिळाला, पण वर्षअखेर मालही निम्माच उरला. म्हणजे शेवटी वापरलेल्या हॉप्सवर फायदा शून्य! वर सुगंध गेला तो वेगळाच. अल्फा कमी झालं तर थोडे जास्त हॉप्स घालून कडवटपणा भरून काढता येतो, उडालेल्या सुगंधाचं तसं नाही. म्हणजे घाऊक खरेदीतला फायदा दुकानात ठरत नाही, तो फ्रीझरमध्ये ठरतो.

मग नक्की करायचं काय?

१. आधी गरज मोजा. साधारण १९ लिटरच्या एका घाण्याला ८० ग्रॅम धरले आणि महिन्याला एक घाणा केला, तर वर्षाला एक किलोपेक्षा कमी लागतात. पाच किलो एकट्याने घेणं म्हणजे पाच वर्षांची उधारी. पाच मित्रांनी वाटून घ्या.

२. पेलेट्स घ्या. सुकी फुलं दळून, दाबून केलेल्या या गोळ्या जागा कमी घेतात आणि सहसा नायट्रोजन भरलेल्या फॉइलच्या पाकिटात येतात.

३. लेबलवर पिकाचं वर्ष आणि त्या लॉटचं अल्फा बघा. 'सेल' लागलाय म्हणजे बहुतेक वेळा नवं पीक दाराशी आलंय.

४. पिशवी महत्त्वाची. साधं पॉलिथीन पाणी अडवतं, ऑक्सिजन नाही. फॉइलची किंवा नायलॉनचा थर असलेली व्हॅक्यूमची पिशवी हवी. सोपी टेस्ट : बंद पिशवीतून हॉप्सचा वास आला, तर पिशवी कामाची नाही. वास बाहेर येतोय म्हणजे ऑक्सिजनही आत जातोय.

५. मोठी बॅग उघडली की त्याच दिवशी शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं करा. जात, वर्ष, अल्फा, पॅकिंगची तारीख लिहा आणि फ्रीझरमध्ये टाका. वापरताना पाकीट रूमच्या तापमानाला आल्यावरच फोडा, नाहीतर थंड हॉप्सवर हवेतलं पाणी जमतं.

६. घरात कुत्रा असेल तर वापरलेले हॉप्ससुद्धा त्याच्यापासून लांब ठेवा. कुत्र्याने ते खाल्ले तर अंगाचं तापमान धोकादायक वाढतं, जीवही जाऊ शकतो.

ज्यांना लॅबची आवड आहे त्यांच्यासाठी : हॉप्सच्या अर्काचं २७५ आणि ३२५ नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 'हॉप स्टोरेज इंडेक्स' मिळतो. ताज्या मालाचा साधारण ०.२५ असतो. ०.३५ आला तर सुमारे १६ टक्के अल्फा गेलं असं समजायचं.

आणि जुने हॉप्स अगदीच टाकाऊ नसतात बरं का! बेल्जियममध्ये लँबिक बिअरसाठी ते मुद्दाम वर्षानुवर्षं जुने करून वापरतात, कारण तिथे कडवटपणा नको असतो, फक्त जीवाणूंवर वचक हवा असतो.

दादाने शेवटी चार मित्र जमवले, व्हॅक्यूम सीलर पाच जणांत मिळून घेतला आणि मगच बॅग मागवली. आपण हॉप्स घेणार नाही हे खरं, पण मेसचा मसाला, कॉफी, रूमवर आणलेले शेंगदाणे यांना हाच नियम लागू आहे. 'मोठा पॅक स्वस्त' अशी पाटी दिसली की आधी दोन प्रश्न विचारा : संपणार कधी? आणि ठेवणार कशात? उत्तर नसेल तर छोटाच पॅक घ्या. तोच स्वस्त!