अधारीचं पाणी आणि बाल्कनीतली मेथी

बहरीनमध्ये भाजीचं वर्ष घटस्थापनेला सुरू होतं आणि होळीच्या आगेमागे आटोपतं. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य हेच इथल्या मराठी घरातलं हंगामाचं पहिलं पेरणं, आणि भोगीच्या भाजीला लागणाऱ्या वांगी, घेवडा, गाजर, पातीच्या कांद्यापैकी निम्मं तरी जानेवारीत घरचं असू शकतं. मृगाच्या भरवशावर जूनमध्ये टाकलेलं बी मात्र इथे उकडूनच निघतं. वर्षाचा पाऊस जेमतेम ७०-८० मिलिमीटर. माण-खटावलाही त्याची कीव यावी.

तरी हे बेट कोरडं नव्हतं. सुमेरी कथांमधल्या दिलमूनला एन्की देवाने जमिनीतून गोडं पाणी दिलं, आणि ते दिलमून म्हणजे हेच बेट, असं पुरातत्त्वज्ञ मानतात. बारबार गावाजवळ १९५४ साली डॅनिश मोहिमेला सापडलेल्या देवळातही पवित्र झऱ्याचं कुंड आहे. समुद्राच्या तळाशीसुद्धा गोड्या पाण्याचे झरे होते. पाणबुडे खाली बुडी मारून चामडी पखालीत ते भरून आणत. उत्तरेच्या पट्ट्यात खजुराच्या बागा तीन मजली असत: वर खजूर, त्याखाली डाळिंब-लिंबू, सगळ्यांत खाली लसूणघास आणि भाजी. भाजीला ऊन लागायचं ते झावळ्यांतून गाळून. अधारीच्या झऱ्यावरून इथे एक म्हण आहे: अधारी दूरच्याला पाजते, जवळच्याला विसरते. तिचे पाट लांबच्या बागांकडे जात, म्हणून.

या पाण्याचं पुढे काय झालं, त्याची गोष्ट जरा विचित्र आहे. मेजर फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या माणसाने १९२५ साली शेखसाहेबांसाठी पाण्याच्या विहिरी खोदून दिल्या. पाणी लागलं, आणि त्याच वर्षी होम्सच्या पदरात तेलाचा परवाना पडला. १९३२ मध्ये तेल लागलं. पुढे जागोजाग कूपनलिका झाल्या, पंप आले, बागा-वस्त्या वाढल्या. भूजल खाली गेलं तसा समुद्र आत सरकला, विहिरी मचूळ झाल्या आणि झरे एकेक करत थांबले. अधारीही आटली, आज तिच्या नावाचं करमणुकीचं उद्यान आहे. सित्राचा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प १९७५ चा. म्हणजे तेलाच्या तेजीत आपली माणसं इथे नोकरीला येऊ लागली तेव्हा बेटाचं स्वतःचं पाणी उतरणीला लागलेलं होतं. आज कुंडीत ओतलेल्या तांब्याभर पाण्यामागे कुठेतरी इंधन जळालेलं असतं. बिलात ते बरीच वर्षं दिसत नव्हतं. २०१६ पासून परदेशी रहिवाशांची वीज-पाण्याची सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली गेली आणि इथल्या मराठी घरांतली स्वस्तातल्या बागेच्या युक्त्यांची चर्चा बियांवरून पाण्यावर आली. माझ्या मते ती पहिल्यापासून तिथेच असायला हवी होती.

गावाकडून आलेल्या युक्त्यांपैकी काही इथे मुळीच लागू पडत नाहीत. अंड्याची टरफलं कुटून कुंडीत घालायची सवय बहुतेकांना असते. इथली माती मुळातच चुनखडीची. तिला आणखी चुना म्हणजे साखरेच्या पाकात साखर. राखेचं तेच, ती क्षारही वाढवते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर बहुधा चुन्यामुळे झाडाला लोह उचलता येत नसतं. त्यावर आंबट ताक पाण्यात पातळ करून घालणारे बरेच जण आहेत. थोडाफार गुण येत असेलही, पण खरं काम कुजलेल्या पालापाचोळ्याचं. चहाचा चोथा (साखर धुऊन), भाजीची देठं, केळीच्या साली आणि रस्त्याकडेचा सुका पाला झाकणाच्या बादलीत कुजवला की वाळूत जीव येतो. यातलं बरंचसं ज्ञान महाराष्ट्रातूनच आलेलं. कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतीचा हिशेब एकरावर न मांडता पानांवर पडणाऱ्या उन्हावर मांडला. त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यात बाग फुलवली. बहरीनला मात्र दाभोळकरांचा हिशेब अर्धा उलटा करावा लागतो, कारण ऊन मिळवायचं नसून अडवायचं असतं.

त्यात दक्षिणेकडची बाल्कनी असलेला भाग्यवान. डिसेंबरात सूर्य दुपारीही अर्ध्यावर असतो आणि ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. जूनमध्ये तो डोक्यावर आला की वरच्या मजल्याचा सज्जाच सावली धरतो. पश्चिमेच्या बाल्कनीला तसं नशीब नाही. तिथे जुनी सुती साडी दुहेरी करून बांधावी. विकतच्या हिरव्या जाळीइतकंच काम ती करते, शिवाय शमाल वाऱ्याची धूळही अडवते.

कुंड्या विकत घेणं हा मला इथला सर्वांत अनावश्यक खर्च वाटतो. मासळी आणि आयात भाजी ज्या थर्मोकोलच्या खोक्यांतून येते ती बाजारात टाकून दिलेली असतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं भाजतात, थर्मोकोलमध्ये गार राहतात. तळाला भोकं पाडा, खोकं दोन विटांवर ठेवा, वर पाल्याचा जाड थर द्या. पाणी मुरवायला मडकं उत्तम. आअली गावात कुंभारकाम अजून चालतं. बिनझिलईचं लहान मडकं खोक्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं की ते पाझरत राहतं आणि मुळं आपण होऊन त्याच्याकडे वळतात. क्षारांनी छिद्रं बुजतात, तेव्हा दर हंगामाला ते घासून वाळवायचं. एक गोष्ट थेंब थेंब जपणाऱ्याच्या जिवावर येते, पण टळत नाही: मातीवर पांढरी खपली दिसली की एकदा भरपूर पाणी सोडून क्षार खालून वाहून जाऊ द्यावे लागतात.

एसीच्या पाण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, तिची खोच फारशी कुणी सांगत नाही. हे पाणी जवळपास क्षारमुक्त, आणि दमट दिवशी एसीखालची बादली सहज भरते. पण ते मिळतं उन्हाळ्यात, भाजीचा हंगाम हिवाळ्यात. डिसेंबरात मेथी-कोथिंबिरीला पाणी हवं तेव्हा एसी बंद. म्हणून त्याचा खरा उपयोग ऑगस्ट-सप्टेंबरात: कढीपत्ता, शेवगा, तोंडली जगवायला आणि घरातल्या खिडकीशी टोमॅटो-वांग्याची रोपं करायला. यंत्राच्या धुळीतून आलेलं असतं, तेव्हा मुळाशी घालावं, पानांवर शिंपडू नये. रोपं ऑक्टोबरात बाहेर गेली की थंडीत फळ धरतात. रात्रीचा पारा २५ अंशांवर राहिला की टोमॅटोची फुलं नुसतीच गळतात.

बियाणं डब्यातच असतं. धणे हलके रगडून दोन दले करून रात्रभर भिजवायचे, मेथीदाणे नुसते विखरायचे. मोहरीच्या कोवळ्या पाल्याचीही भाजी होते. पुदिन्याच्या जुडीतल्या चार काड्या पाण्यात मुळं धरतात, गवती चहाचा बुडखाही. मुळ्याला इथले लोक रुवेद म्हणतात आणि त्याची पानं मासे-भाताबरोबर कच्चीच खातात. आपण त्याच पाल्याला डाळीत घोटतो.

२०२० च्या मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणं थांबवली आणि त्या विमानांच्या पोटातून येणारी गवार, दोडका, आळू यांची वाट अडली. घरात बसलेल्या माणसांनी खोकी भरली. नेमका हंगाम संपताना, पण भेंडी, चवळी, घोळ या उन्हाला न भिणाऱ्या भाज्यांनी लाज राखली. वरच्या मजल्यांवर वेल मांडवभर पसरूनही दुधी धरेना, कारण दहाव्या मजल्यावर परागकण वाहणारे कीटक फारसे पोचत नाहीत. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. दिवेलागणीला नरफूल तोडून मादीफुलाच्या मध्याला टेकवायचं. कारल्याला हे सकाळी करायचं. थंडीच्या महिन्यांत बुदय्याच्या वनस्पती उद्यानात शनिवारी शेतकरी बाजार भरतो, तिथल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो याहून बरंच सांगतो.

मे महिन्यात वेल उपटून झाल्यावर खोकी रिकामी दिसतात, ती तशी सोडू नयेत. माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकली की जून-जुलैचं ऊन तिच्यातली बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी भाजून काढतं. सहा आठवडे पुरतात. सुटीवर गावी निघताना प्लास्टिकच्या कडा चिकटपट्टीने नीट बंद करायच्या आणि शेजाऱ्याकडे फक्त कढीपत्त्याची बादली सोपवायची.