कविता पाठ आहे, पण वाचता येते का?

‘आमच्या पिंट्याला पुस्तकातल्या सगळ्या कविता येतात हो बाई!’ पालकसभेत हे वाक्य मी इंदापूर तालुक्यातही ऐकलं आणि बारामतीतही. मूल पुस्तक उघडून घडाघडा म्हणतं, घर खूश होतं. पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ विचारलं की ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतं. कविता तोंडात असते, डोळ्यांना ओळखू येत नाही. तिसरीत गणितही वाचूनच सोडवायचं असतं, तेव्हा हे उघडं पडतं.

मग पाठांतर वाईट का? मुळीच नाही. पाठ असलेलं गाणं ही वाचनाची सोपी पायरी. शब्द कानाला माहीत असतात, फक्त कागदावर शोधायचे असतात.

मैत्रिणींनो, याला खर्च नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात एक ओळ लिहा. मी लिहायचे, ‘ऊस गोड, बोर गोड, आजीची गोष्ट त्याहून गोड.’ चालीवर म्हणताना मुलाचं बोट एकेका शब्दाखाली फिरू द्या. ‘गोड’ किती वेळा आलं, शोधायला सांगा. ‘आजीची’ म्हणताना तीन टाळ्या: आ-जी-ची. मग ‘गोड’मधल्या ‘गो’वर ‘तो’ची चिठ्ठी ठेवा. झालं ‘तोड’! हंगामात आलेल्या ऊसतोड कामगारांची मुलं हा शब्द सगळ्यांच्या आधी ओळखायची. काही महिने इथं, मग पुन्हा गावी. अशा लेकरांची वही हरवते, गाणं मात्र सोबत जातं.

अक्षरांशी खेळणं आपल्याकडे जुनंच आहे. बारामतीत राहिलेल्या कवी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘निरोष्ठ रामायण’ रचलं. त्यात ओठ मिटावे लागतात अशी प, फ, ब, भ, म ही अक्षरं टाळली आहेत. मुलाला आरशासमोर ‘मामा’ आणि ‘काका’ म्हणायला लावा. ओठ कधी मिटले, ते त्यालाच सांगू दे. आवाज आणि अक्षर यांची जोडी अशी जुळते.

दिवसभर राबून आल्यावर अभ्यास घ्यायला जीव उरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण भाकरी थापता थापता गाणं म्हणता येतं. स्वतः फारसं शिकला नसाल तरी बिघडत नाही. ओळ शाळेतल्या बाईंकडून लिहून घ्या, चाल तुमची लावा. फक्त लेकराचं बोट शब्दाखाली हवं.